चुंबक सोडून काहीही

५ जानेवारी
नवे वर्ष, नवी डायरी, नवे पेन. पेन बरोबर नाही. पहिल्याच ओळीत अक्षर हलले.

सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात काढली, शेवटची बरीच वर्षे हेड ड्राफ्ट्समन म्हणून. माझ्या हाताने मारलेली रेघ आणि पट्टीने मारलेली रेघ शेजारी ठेवली तर लोक पट्टीला नावे ठेवत. तेव्हा दोष कोणाचा ते उघड आहे. उद्या पेन बदलणे.

खालच्या जबड्यातली दोन इम्प्लांट आता हाडात पक्की झाली आहेत, असे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे म्हणणे. म्हणजे दोन खुंट तयार. त्या खुंटांवर कवळी कशाने अडकवायची एवढेच ठरवायचे राहिले. त्याला अटॅचमेंट म्हणतात आणि त्याचे बरेच प्रकार असतात. उद्या नमुने बघायचे. दोन भाग एकमेकांत किती घट्ट बसावेत, किती सैल, यातच माझा जन्म गेला. बाईंचा वेळ वाचेल.

६ जानेवारी
बाई तिशीच्या. मला 'काका' म्हणतात. दुर्लक्ष केले.

ट्रेमध्ये तीन नमुने मांडले. पहिला बार. दोन खुंटांना जोडणारी आडवी दांडी, कवळीतली क्लिप तिला धरते. दुसरा लोकेटर. खुंटावर बुटकी टोपी, कवळीत नायलॉनची रिंग, दाबली की टिचकन बसते. रिंगा रंगांच्या: पांढरी सर्वांत घट्ट, गुलाबी मध्यम, निळी हलकी. तिसरा चुंबक.

मी टॉलरन्स विचारला, म्हणजे फिटमध्ये किती फरक चालतो. बाई म्हणाल्या, आधी तुमचे हात बघू. दात बसवायला आलेल्या माणसाचे हात? त्यावर लेक्चर मिळाले. कवळी रोज काढून धुवावी लागते, नाही तर खुंटांभोवतीची हिरडी पिकते आणि सगळी मेहनत पाण्यात. पकड जेवढी घट्ट, तेवढा काढायला अंगठ्यांत जोर हवा, बोटे स्थिर हवीत. म्हणून अटॅचमेंट तोंड बघून नाही, हात बघून ठरवायची.

प्लॅस्टिकचा जबडा हातात दिला. यातली कवळी काढून दाखवा. जबडा बुळबुळीत होता, खुर्चीखाली गेला. मग ट्रेमधली रिंग उचलायला सांगितली. रिंग फार लहान. सकाळी दोन कप कॉफी झाल्याचे मी बाईंच्या कानावर घातले.

'काका, मी तुमच्या जागी असते तर चुंबक घेतलं असतं,' बाई म्हणाल्या. 'पकड जरा कमी, पण दोन बोटांनी निघतं. कसलेही हात चालतात.'

कसलेही हात. चुंबक म्हणजे फ्रिजच्या दारावर बिल अडकवतात ते. विचार करून सांगतो म्हटले.

७ जानेवारी
पेन बदलले. हेही तसलेच. टेबल असावे. एका पायाखाली कागदाची घडी घातली.

९ जानेवारी, रविवार
मुलगी येऊन गेली. एकुलती एक, त्यामुळे तिचा सगळा उपदेश मलाच. जावईबापू बरोबर होते. ते बोलत नाहीत, तिच्या वाक्यांना मान हलवतात.

आल्या आल्या इन्स्पेक्शन. शेगडीभोवती दूध कसले सांडले आहे. शर्ट सोडून रोज टी-शर्ट का. (बटणे आता जुनी झाली. सगळे जग टी-शर्ट घालते.) कुलपाभोवती दारावर इतके ओरखडे कशाचे. (कुलूप झिजले आहे. भोक जागेवर राहत नाही.) मग ठरलेली टेप: बाबा, आमच्याकडे चला, खोली तयार आहे, मेंदूच्या डॉक्टरांना एकदा हात दाखवू. माझा मेंदू शाबूत आहे, म्हणूनच मी येत नाही, असे सांगितले.

ती बराच वेळ गप्प राहिली. माझ्या मुलीची ही सवय तिच्या आईकडून आलेली. गप्प बसून समोरच्याला हरवायचे.

'बाबा, एकच सांगते,' ती शेवटी म्हणाली. 'नवी कवळी तुमची तुम्ही घालायची, तुमची तुम्ही काढायची. ते जमलं तर राहा इथे, मी परत हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर माझ्याकडे यायचं. कबूल?'

कबूल म्हटले. एवढ्या सोप्या अटीवर सुटका होत असेल तर कोण नाही म्हणेल?

जावईबापूंनी मान हलवली.

११ जानेवारी
सकाळी ड्रॉइंग बोर्डाजवळ बसलो. रिटायर झाल्यावर खिडकीशी बोर्ड मांडला, तेव्हा बायकोने पडदा काढून टाकला. म्हणाली, तुम्हाला उजेड लागतो. ती गेल्यावर मी पडदा परत लावला नाही. हे घर असे आहे. प्रत्येक वस्तू कुठे आणि का आहे हे मला ठाऊक आहे.

मुलीकडची खोली चांगली आहे. उजेड आहे, पंखा आहे, आणि कोणीही न वाजवता उघडावे असे दार आहे. पाहुण्याला निदान लोक विचारतात, कधी निघणार. मला तेही कोणी विचारणार नाही.

भीती वाटली. कारण काही नाही. चहा गार झाला होता.

१४ जानेवारी
निवड शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून तक्ता आखला. पकड, देखभाल, टिकाऊपणा, प्रतिष्ठा. रकाने तिरके आले. कागद हलक्या प्रतीचा.

समोरच्या फ्लॅटमधल्या पोस्टमास्तरांना चहाला बोलावले. निवृत्त गृहस्थ, गेल्या वर्षी चुंबकवाली कवळी बसवली. त्यांनी भर चहात दोन बोटांनी कवळी उपसून माझ्या टेबलावर ठेवली आणि परत तोंडात टाकली. टक्. अभिमानाने म्हणाले, बघितलंत? बघितले. नको होते बघायला.

सफरचंद खाता का, असे विचारले. म्हणाले, फोडी करून खातो. फोडी करून सफरचंद खाणाऱ्या माणसाशी तांत्रिक चर्चा होऊ शकत नाही. चुंबक रद्द.

१८ जानेवारी
निर्णय झाला.

बार रद्द. दांडीखालून दोरा ओवून रोज सफाई करायची असते. असली कामे मी हाताखालच्यांना देत असे.

चुंबक आधीच रद्द. शिवाय एक मुद्दा तक्त्यात लिहिला नाही, इथे लिहितो. चुंबक घेतले की बाई मुलीला सांगणार, काकांच्या हातांमुळे चुंबक दिले. म्हणजे आपल्याच हाताने पुरावा दिल्यासारखे. मुलगी त्याच दिवशी टेम्पो बोलावील.

लोकेटर, पांढरी रिंग. सर्वांत घट्ट. घट्ट बसवून दाखवले की हातांचा प्रश्नच मिटतो. आधी का सुचले नाही?

२५ जानेवारी
बाईंशी चकमक. पांढरी बसवणार नाही म्हणतात. निळीपासून सुरू करू. निळी म्हणजे मुलांच्या खेळण्यातली पकड. मी आवाज चढवला. बाहेर बसलेल्या पेशंटांनी आत डोकावले. शेवटी बाई म्हणाल्या, ट्रायलच्या कवळीत गुलाबी लावून बघू, इथे माझ्यासमोर काढून दाखवलीत तर तीच ठेवू.

काढून दाखवली. बाईंनी डावा कोपरा जरा उचलला होता आणि उजवाही थोडासा, पण काढली मीच. बाई म्हणाल्या, काका, घरी कोण आहे काढायला? मी आहे म्हटले. चुंबकाचा पर्याय कधीही खुला आहे, खुंटांवरच्या टोप्या बदलल्या की झाले, असे त्या परत म्हणाल्या. चुंबकवाल्यांकडून काही मिळत असावे.

गुलाबी रंग पसंत नाही. पण आत कोण बघतो.

२८ जानेवारी
बँकेत गेलो होतो. काउंटरवरची मुलगी म्हणते सही जुळत नाही. माझी सही, माझ्या हातची, माझ्यासमोर केलेली, आणि जुळत नाही. चार वेळा करायला लावली. चारही एकमेकींशी जुळल्या नाहीत असे तिचे म्हणणे. मॅनेजरपर्यंत गेलो. काउंटरची उंची चुकीची आहे हे लेखी देणार आहे.

८ फेब्रुवारी, दुपार
कवळी बसली. टिचकन आवाज झाला आणि जबडा माझा झाला.

घरी येताना सफरचंद घेतले. अख्खे खाल्ले, खिडकीपाशी उभे राहून, फोड न करता. समोरच्या खिडकीत पोस्टमास्तर होते. त्यांनी पाहिले. इतक्या वर्षांत प्रथमच चेहऱ्याची खालची बाजू माझ्या ताब्यात होती. डोळ्यांत पाणी आले. सफरचंद आंबट निघाले.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
कवळी निघाली नाही. पहिल्या दिवशी फिट ताजे असते. मशिनच्या भागांचेही तसेच.

९ फेब्रुवारी
निघाली नाही. अंगठे घसरतात. थुंकीची क्वालिटी चांगली नाही. टॉवेल धरून पाहिले. आरशासमोर पाहिले. आरशात उजवे-डावे उलटे दिसते, त्याने गोंधळ होतो. आरसा न बघता पाहिले.

संध्याकाळी पोस्टमास्तर बुद्धिबळाला आले. एक डाव हरल्यावर मी त्यांना सहज म्हटले, तुम्हाला या प्रकारचा अनुभव आहे, जरा बघता का. त्यांनी हात धुतले, माझ्या तोंडात दोन्ही अंगठे घातले आणि कवळी काढून माझ्या हातात दिली. आयुष्यभर हाताखाली माणसे बाळगली, कोणाचा हात माझ्या तोंडापर्यंत आला नव्हता.

मग दुसरा डाव मांडला. त्यांना जिंकू दिले.

१० फेब्रुवारी
पद्धत ठरली. रोज संध्याकाळी बुद्धिबळ. डाव संपला की पोस्टमास्तर ते काम करतात. धुणे मी करतो. सकाळी घालतो मीच, म्हणजे तोंडात ठेवून दात आवळतो. तसे आवळून बसवू नका, रिंग खराब होते, असे बाईंनी बजावले होते. बाईंना काय.

काम निम्मे-निम्मे. अट पूर्ण होते असे म्हणायला हरकत नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार
विजय.

मुलगी परीक्षा घ्यायला येणार हे माहीत होते. सकाळी कवळी तोंडात ठेवली, पण दाबली नाही. नुसती टोप्यांवर टेकवली. दोन तास कमी बोललो. मुलगी म्हणाली, आज इतके गप्प का. तुझ्या आईची आठवण आली म्हटले. हे खोटे होते. मग खरेच आली.

मग मुलगी म्हणाली, बाबा, दाखवा. मी दोन बोटांनी कवळी उचलून तळहातावर ठेवली, हातचलाखीवाला नाणे काढतो तशी. ती कवळीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

'मी शब्द दिला होता,' ती म्हणाली. 'राहा तुम्ही.'

म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. डोळे लाल करून बाहेर आली. हरली म्हणून रडली की सुटली म्हणून, कळले नाही. विचारले असते तर सांगितले असते. विचारले नाही. जावईबापूंनी प्रथमच आपणहून मान हलवली.

जाताना तिने आणलेला केक खावा लागला. पहिल्याच घासाला टिचकन बसली.

१४ फेब्रुवारी
पोस्टमास्तरांना सगळी हकीकत सांगितली. वाटले होते हसतील.

'साहेब, रोज काढून द्यायला मला काही नाही,' ते म्हणाले. 'पण पोरीला कशाला फसवलंत? चुंबक बसवून घ्या, आणि खरं दाखवा तिला.'

पोस्टात नोकरी केली की माणसाला दुसऱ्याच्या पाकिटात डोकावायची सवय लागते. आज त्यांना जिंकू दिले नाही. म्हणजे खेळलोच नाही.

१९ फेब्रुवारी
पोस्टमास्तर मुलाकडे गेले. सुनेचे ऑपरेशन आहे, महिनाभर तरी राहणार. आदल्या दिवशी सांगतात. जाण्यापूर्वी कवळी काढून दिली आणि म्हणाले, मी येईपर्यंत घालू नका. यांचा सल्ला कोणी मागितला.

२० फेब्रुवारी
घातली. कवळी न घालता चेहरा दुमडतो आणि मी म्हातारा दिसतो.

२१ फेब्रुवारी
निघाली नाही. उद्या निघेल.

२२ फेब्रुवारी
आज काढायची गरज वाटली नाही. वरून ब्रश फिरवला. रोज काढा म्हणतात ते नवशिक्या पेशंटांसाठी.

२४ फेब्रुवारी
थोडी चव बदलली आहे. टूथपेस्ट बदलणे.

बाईंकडे जावे असा विचार आला. पण बाई मुलीला फोन करणार. करतीलच. मुलीने नंबर देऊन ठेवला आहे. आपलेच दात, आपलेच ओठ.

२६ फेब्रुवारी
ब्रेकथ्रू! माझे चुकले ते एवढेच की इतके दिवस हा दातांचा प्रश्न समजलो. हा मेकॅनिकल प्रश्न आहे. शाफ्टवरचे बेअरिंग कोणी अंगठ्याने काढते का? त्याला पुलर लागतो. कवळी-पुलर बनवायचा. दोन आकडे, मध्ये पट्टी, वर मूठ.

दिवसभर बोर्डावर होतो. समोरून, वरून, बाजूने, तिन्ही दृश्ये काढली. इतका सुखाचा दिवस फार दिवसांत आला नव्हता. रेघा जरा फाटल्या. बोर्ड खिडकीच्या वाऱ्यात आहे.

२८ फेब्रुवारी
ड्रॉइंग घेऊन लेथवाल्याकडे गेलो. पूर्वी आमच्या ऑफिसची कामे करायचा, माझी ड्रॉइंग त्याने पुष्कळ पाहिलेली. कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग विचारले, साहेब, हे नातवाने काढलंय का?

मला नातू नाही. हो म्हटले.

तोंडी माप सांगितले. उद्या देतो म्हणाला. निघताना दारापर्यंत पोचवायला आला आणि पायरीवर माझा दंड धरला. पूर्वी तो माझ्यासमोर बसतही नसे.

२ मार्च
पुलर मिळाला. वजनदार, सुबक. आकडे कवळीच्या कडेखाली बसतात. हिरडी सुजल्यामुळे कड शोधावी लागते, एवढाच त्रास.

मूठ ओढली. हात ऐन वेळी उजवीकडे गेला. मोठा आवाज झाला. कवळीचा अर्धा भाग बेसिनमध्ये, अर्धा आत. आरशावर थोडे रक्त.

अर्धे यश.

४ मार्च
ताप. हवा बदलते आहे.

राहिलेला तुकडा डाव्या खुंटावर आहे. गालाला टोचतो. मुलीला फोन करावा असे दोनदा वाटले. एकदा लावलाही. बोट चुकून भलत्या नंबरवर पडले आणि कोणी तरी बाई हॅलो हॅलो म्हणत राहिल्या. त्यांचा आवाज चांगला होता. लगेच ठेवला नाही.

६ मार्च, रविवार
मुलगी स्वतःच्या किल्लीने आत आली. मी पलंगावर होतो. जावईबापू दारातच थांबले.

तिने गाल बघितला, तोंड उघडायला लावले. मग जाऊन हात धुऊन आली, माझ्या डोक्यामागे एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तुकडा काढला. एकाच खेपेत. तिच्या लहानपणी तिचे दुधाचे दात मी काढत असे, दोरा बांधून, गोष्ट सांगत. ती मला गोष्ट वगैरे सांगत बसली नाही.

कधीपासून आत आहे, तिने विचारले. आज सकाळपासून, असे मी सांगितले. तिने हातातल्या तुकड्याकडे पाहिले. त्याचा वास माझ्यापर्यंत येत होता.

'मग त्या रविवारी कशी निघाली होती बाबा?' तिने विचारले.

मी भिंतीकडे कूस वळवली. ताप होता.

१० मार्च
मुलीच्या घरी. फक्त हिरडी बरी होईपर्यंत. आठ दिवस, फार तर दहा. तसे मी स्पष्ट सांगितले आहे.

बाईंनी हिरडी साफ केली, औषधे दिली. खुंट वाचले, थोडक्यात. माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. पुलर मुलीने त्यांना दाखवला. त्यांनी तो कपाटात ठेवून घेतला, बाकीच्या पेशंटांना दाखवायला असावा. निदान त्यांना डिझाइनची कदर आहे.

२२ मार्च
हिरडी बरीच बरी. निघण्याचा विषय काढला. मुलगी म्हणाली, बघू.

इथे दार खरेच न वाजवता उघडतात. मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवून झाले. हातांच्या थरथरीला त्यांनी एक लांब नाव दिले आणि गोळ्या दिल्या. नावाचे स्पेलिंग विचारायला विसरलो, त्यामुळे तो आजार अजून सिद्ध झालेला नाही.

३ एप्रिल
मोठे भांडण. मुलगी म्हणाली, बंद घराला वाळवी लागेल, भाड्याने देऊ या, चांगले कुटुंब आहे. मी म्हटले, तुम्हाला काय करायचे ते करा. हे मी रागाने म्हटले. रागाने म्हटलेल्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे कोणालाही कळते.

जावईबापूंनी मान हलवली.

१७ एप्रिल
माझे सामान आले. ड्रॉइंग बोर्ड गॅलरीत उभा केला आहे. त्याच्यावर टॉवेल वाळतात. बोर्ड भक्कम आहे, टॉवेल पडत नाहीत.

पोस्टमास्तर भेटायला आले होते. भाडेकरूंनी खिडकीला पडदा लावल्याचे कळले. बुद्धिबळाचा डाव मांडला. कोण जिंकले ते आठवत नाही.

३ मे
कवळी नवी करायची म्हणून बाईंकडे गेलो. अटॅचमेंट कोणती, बाईंनी विचारले. तुम्ही म्हणाल ती, असे मी म्हटले. हे म्हणायला तसे काही लागले नाही. जानेवारीत फार अवघड वाटले होते.

टोप्या बदलून चुंबकाच्या बसवल्या.

१५ मे, रविवार
नवी कवळी परवा मिळाली. खुर्चीवरच बाई म्हणाल्या, काढा बघू. मनाची तयारी करून बोटे आत घातली. निघाली. लगेच, पहिल्याच खेपेला. हात हलत होता तरी निघाली. घालून बघा म्हणाल्या. तोंडाजवळ नेली, तर तिची तीच जागेवर गेली. टक्. बाई म्हणाल्या, जमतंय की तुम्हाला. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

दोन दिवस कोणाला सांगितले नाही. एकट्याने करून पाहिले. दर वेळी जमले.

आज दुपारी मुलगी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तिच्यासमोर उभा राहिलो. बघ म्हटले. काढली, नळाखाली धुतली, घातली. या वेळी टेकवलेली नव्हती, पोस्टमास्तर नव्हते, काही नव्हते. तिने नीट पाहिले.

'छान,' ती म्हणाली.

मी म्हटले, माझी मी घालतो, माझी मी काढतो. तुझी अट होती.

तिने हातातले भांडे खाली ठेवले. ती चिडली असती तर बरे झाले असते.

'बाबा, हेच पहिल्या दिवशी घेतलं असतंत तर तुम्ही आज तिकडेच असता. मी शब्द पाळला असता,' ती म्हणाली. 'आता तिथे माणसं राहतात. त्यांच्या मुलाची शाळा तिकडे आहे.'

मग तिने राहिलेली भांडी लावली. मी काही धरू का विचारले. नको म्हणाली, काचेची आहेत.

गॅलरीत येऊन बसलो. टॉवेल बाजूला करून बोर्डावर डायरी ठेवली आहे. चार वेळा कवळी काढली, चार वेळा घातली. चुकलो नाही. बघायला कोणी नव्हते.

एवढी नोंद करून ठेवतो की माझा कल पहिल्यापासून चुंबकाकडेच होता. बाईंनी तेव्हा नीट समजावून सांगितले नाही.